गोष्ट बारा वर्षं पुढं गेली

३ नोव्हेंबर, सोमवार
पौडला गेले होते. तहसील कचेरी, आप्पांच्या सातबाऱ्यावरची नावाची दुरुस्ती. आप्पांचे गुडघे धरलेत म्हणून मी. तास दीड तास रांगेत. नंबर आला तर खिडकीतल्या बाईंनी अर्जावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत नाव. "तुमीच का त्या? गोदी?"

हो म्हणाले. खोटं तरी किती वेळा बोलायचं.

"अगं बया, केवढीशी होतीस. ते फुंकर मारून दाव की एकदा." शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. कपाळावरची बट खालचा ओठ पुढं काढून फुंकरीनं उडवायची, ही सिरीयलमधल्या गोदीची, म्हणजे माझी, खूण. दहा वर्षांची असताना सगळ्या महाराष्ट्राला गोड वाटायची. मी पंचवीस वर्षांची घोडी कचेरीत उभं राहून फुंकर मारली. मारली कारण मला वाटलं काम लवकर होईल.

सर्व्हर डाऊन. गुरुवारी या म्हणाल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
ऑडिशनला घरीच करून पाठवलेल्या सेल्फ टेपचा निकाल. नाही. नितीनचा फोन, "हिरोइनची मैत्रीण म्हणून जरा लहान वाटतेस आणि बहीण म्हणून मोठी." मग मी आहे तरी कोण? आत्या? या माणसाचं यापुढे पूर्ण नाव लिहायचं नाही, नि. पुरे. सात वर्षं माझं कास्टिंग बघतोय, आणि सात वर्षांत एक पापडाची जाहिरात.

टेप करताना खालच्या भाडेकरूंचा मिक्सर चालूच होता, तेही असेल म्हणा. नाही, तेही नाही. उगाच मिक्सरवर कशाला ढकलू.

आप्पांनी आज नव्या भाडेकरूला माझी ओळख करून दिली. "ही आमची गोदी. टीव्हीत हाय." हाय! पंधरा वर्षं झाली आप्पा. त्या बिचाऱ्याने, कुठल्यातरी कंपनीत आहे, हिंजवडीला, विचारलं, "हल्ली कशात?" मी म्हणाले, गच्चीत. खरंच तर आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये शनिवार-रविवार मुलांचे अभिनयाचे वर्ग घेते. अकरा मुलं, आणि त्यांच्या बावीस डोळ्यांपेक्षा जास्त आशा त्यांच्या आयांच्या डोळ्यांत.

८ नोव्हेंबर, शनिवार
वर्गाला ईरा नाही, शूटिंग. आठ महिने झाले, दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या या पोरीनं साडेसातची सिरीयल गाजवलीये. छोटी मुक्ता. तिच्या ऑडिशनला मीच नेलं होतं, माझ्या स्कूटीवरून. घरच्यांना स्वप्नातही नव्हतं. नांदेडची माणसं, बाबा कंपनीत, आई कंपनीत, पोर आपली शाळेतून आली की माझ्या शेडमध्ये येऊन बसायची. आता आईनं नोकरी सोडलीये आणि दिवसभर सेटवर डबा घेऊन बसते. मी सांगितलं होतं, सोडू नका वहिनी. ऐकलं नाही. माझ्या आईनं तरी कुठं ऐकलं होतं? तिनं तर घरची दोन दुभती म्हसरं विकली माझ्यापायी.

साडेसातला आईसोबत एपिसोड बघितला. ईरा रुसली, मान डावीकडे कलली, आणि फुंकर. माझी फुंकर. मीच शिकवली, कुणाला दोष देऊ. आई टीव्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी उठून भांडी घासायला गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार
नि.चा फोन. आवाजात साखर. मला वाटलं, परत पापड.

पापड नाही. लीड. साडेसातची सिरीयल लीप घेतेय. गोष्ट चौदा वर्षं पुढं, छोटी मुक्ता मोठी होणार. मोठी मुक्ता म्हणून चॅनलला मी हवीये. "अगं, ती पोरगी नि तू, सेम टू सेम. चालणं, मान, ती फुंकर. चॅनलवाले म्हणाले, ही मिळाली कुठून तुला?"

माझ्या घरात मिळाली, गाढवा. माझ्या गच्चीवर.

जिन्यातच बसले. शुक्रवारी लूक टेस्ट. अट एकच, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मुलीला तर नाहीच. मी विचारलं, तिला कधी सांगणार? "शेवटच्या दिवशी. केक कापतात ना."

फोन ठेवला तेवढ्यात ईरा शाळेचं दप्तर घेऊन जिना चढत आली. आज तिला शूटिंगची सुट्टी होती. ताई अशी का बसलीस म्हणाली. मी म्हणाले, पायात गोळा आला. तिनं दप्तर खाली ठेवून माझी पोटरी चोळून दिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
काही सुचत नाही. म्हणून माझा लीप लिहून काढते. कधी लिहिला नाही.

मी दहाची. दोन दिवस सुट्टी आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी न्यायला गाडी आली नाही. आप्पांना वाटलं गाडी बंद पडली असेल, म्हणून शेजारच्यांचा टेम्पो मागून त्यांनी स्वतः मला नेलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, आईनं घातलेल्या. गेटवरचा वॉचमन रोज मला गोळी द्यायचा, त्यादिवशी आत सोडेना. आत पायरीवर एक मोठी मुलगी बसली होती. माझ्या परकराच्याच कापडाची साडी, दोन वेण्या, लाल रिबिनी. वडापाव खात होती. माझ्याकडे बघून हसली. तिला तरी काय माहीत, मी कोण.

आप्पा आत जाऊन विचारून आले, आणि आले ते खुशीत. "गोष्ट बारा वर्सं फुडं गेलीया. मोटी गोदी दावायची हाय त्येंला. आता आपण बारा वर्सांनी यायचं." त्यांच्या हिशेबात सरळ होतं. पीक लावलं की वाढायला वेळ लागतो, तोवर दुसऱ्याचं आणून भागवायचं. बारा वर्षांनी गोदी मोठी झाली की गोदी तयार. सगळ्या मारुंजी गावाला सांगितलं. पारावर, डेअरीवर, सोयऱ्यांच्या लग्नात. लोक तोंडावर व्हय व्हय म्हणायचे.

मी बावीसची झाले त्या वाढदिवसाला सकाळी आप्पांनी विचारलं, "फोन आला का न्हाई अजून त्येंचा?" ती सिरीयल बंद पडून आठ वर्षं झाली होती. त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले, पहिल्यांदा. ते भाताच्या खाचरात निघून गेले, जेवायलासुद्धा आले नाहीत.

राग आप्पांचा नाहीच. राग त्यांचा, ज्यांनी सांगितलं नाही. दोन वाक्यं. पोरीचं काम संपलं, उद्यापासून येऊ नका. काय जात होतं कुणाच्या बापाचं? आम्ही खेड्यातले म्हणून? पंधरा वर्षं हाच राग दळतेय मी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लूक टेस्ट. पौडच्या पुढं, धरणाच्या अंगाला बंगला घेतलाय शूटिंगला.

आणि आज बालदिन! सेटवर ईराचा सत्कार. शाल, चॉकलेटचा डबा, फुगे. प्रॉडक्शनवाल्याने भाषणही केलं, "आमची छोटी मुक्ता म्हणजे या मालिकेचा प्राण." मी मेकअप रूमच्या खिडकीतून ऐकत होते आणि मागे ड्रेसवाल्या मावशी मोठ्या मुक्ताच्या ब्लाउजसाठी माझं माप घेत होत्या.

ईराला सांगितलं होतं, ताई तुझी कोच म्हणून आलीये. ती धावत आली, मिठीच मारली. "तू माझ्यासाठी आलीस?" माझ्या तोंडून हो गेलं. चॉकलेटच्या डब्यातलं पहिलं मला दिलं. खाल्लं.

टेस्ट मात्र काय झाली म्हणून सांगू. कॅमेरा लागला आणि अंगात वीज आली माझ्या. पंधरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. डायरेक्टर उठून उभा राहिला. हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर मी फार सोज्वळ वाटेन. मला हा रोल हवाय. इतका हवाय की दात दुखतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मिळाला. करारावर सही. आनंद व्हायला हवा ना? नि. म्हणतो पेढे कुठायत. पेढे! घरात कुणाला सांगायचीसुद्धा चोरी. करारात लिहूनच घेतलंय, गोष्ट फुटली तर करार रद्द.

ईराचा शेवटचा दिवस शनिवार, बावीस तारीख. तोवर मी रोज कोच म्हणून जायचं, तिच्या सवयी "टिपायला". मी म्हणाले, टिपायचं काय, माझ्याच आहेत. हसले सगळे. त्यांना विनोद वाटला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी ईरा गुडघा फोडून वर आली. खाली पार्किंगमध्ये सायकल शिकतेय. का, तर डायरेक्टरकाकांनी सांगितलंय की पुढच्या महिन्यात मुक्ता सायकलवरून जत्रेला जाते असा सीन आहे. पुढच्या महिन्यात! असा सीन असेलही, पण त्या सायकलवर मी असणार. गुडघ्याला हळद लावली. ती ओठ चावून बसली, रडली नाही. "रडायचं ते शनिवारच्या सीनला ठेवलंय," म्हणाली. शनिवारी मुक्ताची आई तिला सोडून जाते असा सीन आहे.

खोटं सांगायची काय गरज होती? गप्प राहिला असता तरी चाललं असतं की तो माणूस. वर सायकल कशाला शिकायला लावायची पोरीला?

आणि मी? मी हळद लावतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज ठरवलं, पोरीला नाही तर निदान तिच्या आईला सांगायचं. करार गेला खड्ड्यात. माझ्या आईला कुणी सांगितलं असतं तर मी वेण्या घालून त्या गेटवर उभी राहिले नसते.

दुसऱ्या मजल्यावर गेले. वहिनी मेथी निवडत होत्या. मी तीन वेळा सुरुवात केली, तीन वेळा अडखळले. शेवटी त्यांनीच सांगितलं, मान वर न करता. त्यांना पंधरा दिवसांपासून माहीत आहे. प्रॉडक्शनने बोलावून सांगितलं होतं. मोठी मुक्ता मी आहे, हेही परवा कळलं त्यांना. "दुसरं कुणी येण्यापेक्षा तुम्ही बऱ्या, ताई."

मला राग आला. सगळा गेटचा प्रसंग सांगितला, भडाभडा. म्हणाले, तुम्हाला कल्पना नाही वहिनी, मागाहून कळतं तेव्हा काय होतं. कामाचं नाही वाटत वाईट. सगळ्यांना माहीत होतं आणि आपणच तेवढे वेडे, याचं वाटतं.

त्यांनी मेथीची काडी मोडली. "मग मी काय करू? तुम्ही सोमवारी सेटवर जाल. ती माझ्यापाशी घरी राहणार. तिचे हे चार दिवस तरी खुशीत जाऊ द्या. सांगू नका बरं लेकराला."

खाली आले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
भात झोडून आलंय, आई अंगणात पाखडत होती. मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. रोल, करार, ईरा, तिची आई. करारात "कुणालाही" लिहिलंय, पण आई म्हणजे काय कुणी आहे का.

मला वाटलं, रोल ऐकून सूप टाकेल आणि उठून देवापुढं साखर ठेवेल. ती पाखडतच राहिली. मी म्हणाले, ईराची आई कसली बाई आहे बघ, माहीत असून पोरीला फसवतेय. तू असतीस तर?

आई म्हणाली, "मला बी म्हाईत व्हतं."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"तुझ्या टायमाला. आठ दीस आदी सांगितलं व्हतं त्या बाईनं, केस इंचरायची ती. म्हनली, तुमच्या पोरीचं काम सपलं, आईतवारपत्तोर."

सूप थांबलं नाही तिचं. मी विचारलं, मग वेण्या का घातल्यास? तिसऱ्या दिवशी टेम्पोत का बसवलंस?

"तू सकाळी उटून रिबिनी हातात घिऊन बसलीस. तुझा आप्पा टेम्पो घिऊन दारात. लई खूश व्हतासा दोगं. तोंड उघडंना माजं. म्हनलं, तितं कुनीतरी सांगंलच."

तिथं कुणीतरी.

"आणि आप्पा? बारा वर्षं वाट बघत होता तो माणूस, आई."

"आज सांगू उद्या सांगू करता करता ऱ्हाऊनच गेलं गं." मग सूप खाली ठेवलं तिनं. "तेंला अजून म्हाईत न्हाई. तू बी सांगू नगंस आता. ह्या वयात कशाला."

मी उठले. गच्चीवर जाऊन शेडमधल्या सगळ्या खुर्च्या एकावर एक रचल्या, मग परत मांडल्या. पंधरा वर्षं ज्यांना शिव्या देत होते त्यांनी सांगितलं होतं. रीतसर. आठ दिवस आधी. आता शिव्या द्यायच्या कुणाला? आईला? ती सूप घेऊन बसलेली, पदराला तूस चिकटलेलं.

तरीही आला राग. येतोच आहे. आईचाच येतोय, आणि लिहून ठेवते, की येतोय.

दुपारी आप्पा विचारत होते, पोरी जेवली का न्हाई.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सांगितलं. ईराला.

आज तिला शूटिंग नव्हतं. शाळेतून आली ती पाठांतर घ्यायला वर. शनिवारचा सीन. शेडमध्ये दोघीच. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तू माझी आई हो, तू सोडून जा. मी पहिलं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला.

काय काय बोलले आठवत नाही सगळं. सरळ बोलले एवढं खरं. उद्या तुझा शेवटचा दिवस. तू वाईट केलंस म्हणून नाही, गोष्ट पुढं जातेय म्हणून. मुक्ता मोठी होणार. मोठी मुक्ता मी.

ती गुडघ्याची खपली काढत होती. मी तिचा हात धरला तर सोडवून घेतला. बरोबर आहे.

मग विचारलं, "सायकलचा सीन?" मी म्हणाले, माझ्याकडे.

"तुला येते?"

"येते."

"आणि केक आहे?"

"आहे."

खाली कुणीतरी टँकरवाल्याशी भांडत होतं, ते ऐकत बसलो दोघी. मग एकदम रडली. फुंकर नाही, मान कलवणं नाही, मी शिकवलेलं त्यात काहीच नव्हतं. नुसतं तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत. मी पदर पुढं करावा तर माझा टी-शर्ट. त्यालाच पुसलं तिनं.

शांत झाली आणि मग म्हणाली, "ताई, आईला सांगू नको हं. तिनं ऑफिस सोडलंय माझ्यासाठी. तिला खूप वाईट वाटेल."

मी तोंड उघडलं होतं. तुझ्या आईला माहीत आहे, हे सांगायला. पंधरा दिवसांपासून माहीत आहे. एवढंच वाक्य. कालच आईवर याच्यासाठी दात खात होते मी.

म्हणाले, "बरं."

तिनं तोंड धुतलं, शेडच्या कोपऱ्यातल्या बादलीत, आणि कागद परत माझ्या हातात दिला. सीन पूर्ण घेतला. चोख. एकदाही चुकली नाही. खाली जाताना जिन्यात आईशी बोलत होती ते ऐकू आलं, आज काय शिकलीस, काही नाही गं, नेहमीचंच.

उद्या सकाळी सातला गाडी. ईरा, तिची आई आणि मी, तिघी मागच्या सीटवर. पौडपर्यंत पाऊण तास, पुढं घाट.

नि.चा मेसेज येऊन पडलाय. "पोरीला काही कळलेलं नाही ना? चॅनल विचारतंय." मी वाचलाय हे त्याला दिसतंय. आप्पा खालून जेवायला हाक मारतायत, दोनदा मारून झाली. अजून काही लिहिलं नाही त्याला.